रुपेरी पोकळीतील मुलूखगिरी

ज्या जमातीला स्वतःची शेतजमीन नाही, नदी नाही, ऋतू नाहीत, एवढेच नव्हे तर जिच्या वसतिस्थानात भूक, तहान आणि वार्धक्य यांचाही अंमल चालत नाही, तिने एका जगातून दुसऱ्या जगात स्वाऱ्या घालाव्यात आणि लूट भरून न्यावी, ती कशासाठी? गिथ्यांकी या कल्पित जमातीचा इतिहास सांगू पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. पिवळसर कातडीचे, हाडकुळे, टोकदार कानांचे हे योद्धे लाल ड्रॅगनांवर आरूढ होऊन, हाती रुपेरी तलवार घेऊन, दोन जगांमधला पडदा ओलांडून अकस्मात उतरतात, ठाणे लुटतात, माणसे धरून नेतात आणि पाठलागाला मागमूसही न ठेवता नाहीसे होतात, असे त्यांचे वर्णन जागोजाग आढळते. परंतु स्वाऱ्यांच्या वर्णनावरून लुटारूंची ओळख पटत नाही. ती पटते त्यांनी लूट आणली कोणासाठी, ती वाटली कोणी, आणि त्यांची पोरे कोणाच्या हाताखाली वाढली, यांवरून.

या जमातीला दोन भूतकाळ आहेत. एक कथेच्या आतला, म्हणजे दास्य, बंड, फूट आणि राज्यस्थापना यांचा. आणि दुसरा कथेच्या बाहेरचा, म्हणजे ती कथा रचणाऱ्या माणसांचा, नियतकालिकांचा आणि प्रकाशनसंस्थांचा. आपल्याकडे बखर वाचताना मूळ हकीकत कोणती, नकलकाराने घातलेली भर कोणती, आणि कोणता मजकूर पुढच्या काळाच्या गरजेतून आत शिरला, हे जसे पदर सोडवून पाहावे लागते, तसेच गिथ्यांकींच्या बाबतीतही करावे लागते. सुदैव एवढेच, की येथे प्रत्येक पदराचे साल आणि बहुतेक पदरांचे कर्ते आपल्याला ठाऊक आहेत. अस्सल इतिहासाच्या अभ्यासकाच्या वाट्याला असे सुख क्वचितच येते.

1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ विक्रीस आला. त्याचे कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. मेजाभोवती चारसहा मंडळी बसावीत, एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगावा, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यावे, आणि यशापयशाचा निवाडा फाशांच्या दानावर सोपवावा, अशी त्याची रीत. कथाकथन, युद्धखेळ आणि नाट्य यांचा हा मिलाफ पाहता पाहता इतका फोफावला, की त्याला नित्य नव्या प्रतिपक्षाची, नव्या राक्षसांची भूक लागली. 1975 च्या वसंतात निघालेल्या ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्राच्या पहिल्याच अंकात गायगॅक्सने मुखावर सोंडेसारख्या लवचिक भुजा असलेला, परक्याच्या मनावर ताबा मिळवून त्याचा मेंदू भक्षण करणारा एक प्राणी आणला. इंग्रजीत त्याचे नाव माइंड फ्लेअर. त्याला इलिथिड असेही म्हणतात. आपण त्याला मनोभक्षक म्हणू. ब्रायन लमली या भयकथाकाराच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून ही कल्पना सुचली, असे गायगॅक्सने पुढे सांगितले. त्या वेळी हा केवळ एक भयंकर प्राणी होता; त्याला ना साम्राज्य होते, ना भूतकाळ.

तो भूतकाळ त्याला मिळाला इंग्लंडात, आणि तोही एका शाळकरी मुलाच्या हातून. लंडनमध्ये 1975 साली निघालेली गेम्स वर्कशॉप ही संस्था हा अमेरिकन खेळ ब्रिटनमध्ये आणून विकत असे, आणि 1977 पासून ती ‘व्हाइट ड्वार्फ’ नावाचे नियतकालिकही चालवी. त्यात डॉन टर्नबुल याच्या देखरेखीखाली एक सदर येई, ज्यात वाचकांनी स्वतः कल्पिलेले राक्षस नियमांसह छापले जात. एखाद्या खेळाच्या पुराणात भर घालण्याचा हक्क कोणाही वाचकाला टपालाच्या तिकिटाच्या किमतीत मिळावा, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. कारण पुराणे खरोखर वाढतात ती अशीच, दरबारी कवींच्या लेखणीने जेवढी, त्याहून अधिक अनामिक कीर्तनकारांच्या वाणीने. 1979 सालच्या बाराव्या अंकात या सदरातून गिथ्यांकी प्रथम जगापुढे आले. त्यांचा कर्ता चार्ल्स स्ट्रॉस हा लीड्स शहरात 1964 साली जन्मलेला, म्हणजे त्या वेळी वयाच्या पंधराव्या वर्षात असलेला मुलगा होता.

त्याने जे केले त्यात उसनवारी होती, आणि ती लपवण्याचे कारण नाही. नाव त्याने जॉर्ज आर. आर. मार्टिन याच्या 1977 सालच्या ‘डाइंग ऑफ द लाइट’ या पहिल्या कादंबरीतून उचलले. पुढे सिंहासनाच्या खेळावरील कादंबऱ्यांनी जगप्रसिद्ध झालेला मार्टिन तो हाच, आणि त्याच्या त्या कादंबरीत या नावाचा उल्लेख जाता जाता येतो, त्याला कथा अशी नाही. मनाच्या बळावर इतर जातींना गुलाम करणारे धनी आणि त्यांच्यावर उलटलेले दास हा संबंध त्याला लॅरी निव्हन याच्या 1966 सालच्या ‘वर्ल्ड ऑफ प्टाव्ह्स’ या कादंबरीने सुचवला. परंतु निव्हनच्या कथेत बंडाचा शेवट सर्वनाशात होतो. धनी मरता मरता साऱ्या विचारशील जीवसृष्टीला आत्मघाताची आज्ञा देतात आणि विश्व निर्मनुष्य होते. स्ट्रॉसने येथे जे वळण दिले ते त्याचे स्वतःचे. त्याने गुलामांना जगवले. जिंकलेले गुलाम पुढे काय करतात, हा प्रश्न त्याने खुला ठेवला, आणि गायगॅक्सच्या सुट्या राक्षसाला त्या गुलामांचा जुना धनी करून एका झटक्यात दोघांनाही इतिहास दिला. चौदा वर्षांच्या मुलाकडून याहून मोठ्या कल्पकतेची अपेक्षा कोणी करावी?

ही नोंद ‘फीएंड फोलिओ’ या ग्रंथात समाविष्ट झाली. टर्नबुलने संपादिलेला हा राक्षसकोश अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील प्रकाशकांमधल्या वाटाघाटींत रखडला आणि अखेर 1981 साली बाहेर पडला. त्याच्या मुखपृष्ठावर शेकडो प्राण्यांमधून निवड झाली ती गिथ्यांकी योद्ध्याची, आणि आत रस निकल्सन याने काढलेली रेखाचित्रे आली. निकल्सनची रेघ किरटी, काटेरी, चिलखताच्या प्रत्येक पट्टीवर थबकणारी. त्याच्या गिथ्यांकीकडे पाहताना त्याने कित्येक वर्षे पोटभर अन्न खाल्ले नसावे आणि त्याची त्याला खंतही नसावी, असे वाटते. या जमातीची मुद्रा लोकांच्या मनावर उमटली ती शब्दांइतकीच या रेघेने, हे नमूद केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

आता कथेच्या आतला इतिहास. एके काळी मनोभक्षकांचे साम्राज्य अनेक जगांवर पसरलेले होते, आणि त्यांच्या पदरी मानवसदृश अशी एक जात पिढ्यान्‌पिढ्या राबत होती. हे दास्य साखळदंडाचे नव्हते. साखळदंड तोडता येतो, निदान त्याचा खणखणाट ऐकू येतो. येथे धन्याचा हुकूम गुलामाच्या स्वतःच्या विचाराचे रूप घेऊन उमटत असे, आणि मालकाचे अन्न म्हणजे गुलामाचा मेंदू. अशा स्थितीतही त्या जातीत हळूहळू मनोबलाचा प्रतिकार जन्मला, तो गुप्तपणे जोपासला गेला, आणि गिथ नावाच्या एका स्त्रीने त्याला बंडाचे रूप दिले. बंड यशस्वी झाले. साम्राज्य कोसळले. मनोभक्षक भूगर्भातील अंधाऱ्या विवरांत दडून बसले, आणि तेथूनच ते आजतागायत पुन्हा उभे राहण्याचे मनसुबे रचतात.

पुष्कळ स्वातंत्र्यकथा येथे संपतात. ही कथा येथे सुरू होते. गिथचे म्हणणे असे, की मनोभक्षकांचा शेवटचा जीव संपेपर्यंत युद्ध थांबता कामा नये, आणि त्यानंतर इतर जगेही आपल्या सत्तेखाली आली पाहिजेत, म्हणजे पुन्हा कोणी आपल्याला गुलाम करू शकणार नाही. झर्थिमोन या दुसऱ्या नेत्याने तेथेच विरोध केला. आपण ज्यांना उलथून टाकले त्यांच्यासारखेच होऊन बसणार असू, तर गिथचे राज्य म्हणजे धनी बदलल्याची वर्दी एवढेच, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. एका जातीचे त्या दिवशी दोन तुकडे झाले. गिथच्या मागे गेले ते गिथ्यांकी. झर्थिमोनच्या मागे गेले ते गिथझेराय. आणि विजयाच्या रणांगणावरचे रक्त सुकण्यापूर्वी त्यांच्यात जे वैर पेटले ते मनोभक्षकांविषयीच्या वैराइतकेच चिवट निघाले. मनोभक्षकांनी त्या क्षणी फेरहल्ला केला असता तर दोघेही पुन्हा दास झाले असते. तसे घडले नाही, याचे श्रेय या दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याही शहाणपणाला देता येत नाही.

गिथ्यांकींनी वस्तीसाठी निवडलेले स्थान म्हणजे अ‍ॅस्ट्रल प्लेन, सर्व जगांच्या मधोमध पसरलेली रुपेरी पोकळी. या कल्पनेशी आपल्या मुंबईचा एक खराखुरा संबंध आहे, आणि तो मराठी वाचकाला सांगितला पाहिजे. अ‍ॅस्ट्रल प्लेन ही संज्ञा खेळकर्त्यांनी घडवली नाही. ती एकोणिसाव्या शतकातील गूढविद्येच्या परंपरेतून आली, आणि तिला सर्वदूर रूढ केले ते थिऑसॉफिकल सोसायटीने. या सोसायटीच्या संस्थापकांपैकी मादाम ब्लाव्हाट्‌स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे 1879 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, गिरगावात राहिले, त्याच साली ऑक्टोबरात त्यांनी मुंबईतून ‘थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केले, आणि 1882 च्या अखेरीस ते आपले बिऱ्हाड मद्रासजवळच्या अड्यार येथे घेऊन गेले. स्थूलदेह, सूक्ष्मदेह आणि त्यांचे वेगवेगळे लोक यांविषयीचा आपल्याकडील विचार त्यांनी पाश्चात्त्य गूढविद्येशी मिसळला. 1895 साली याच सोसायटीतील लेडबीटर याने या सूक्ष्मलोकाचे एखाद्या प्रवाशाने करावे तसे तपशीलवार वर्णन पुस्तकरूपाने छापले. निद्रिस्त देहापासून सूक्ष्मदेह दूर गेला तरी दोहोंना जोडणारी एक रुपेरी दोरी असते, ही कल्पनाही त्याच मंडळींत प्रचलित होती, आणि दोरीचे ते नाव बायबलच्या जुन्या करारातील उपदेशकाच्या ग्रंथातून आलेले आहे. खेळाच्या विश्वरचनेत हे सारे जसेच्या तसे उतरले. गायगॅक्सने 1977 साली या लोकांची आखणी प्रथम लेखरूपाने मांडली, आणि पुढे 1987 साली जेफ ग्रब याने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या पोकळीचा मुख्य गुण असा, की तेथे काळाची देहावर सत्ता चालत नाही. तेथे राहणाऱ्याला भूक लागत नाही, तहान लागत नाही, वय वाढत नाही. लढवय्यांच्या जमातीला यापेक्षा सोयीचा गड कोणता? परंतु सोयीची दुसरी बाजू लगोलग समोर येते: जेथे वय वाढत नाही, तेथे मूल मोठे होत नाही. म्हणून गिथ्यांकींना इच्छा असो वा नसो, मर्त्य जगांत चोरून ठाणी वसवावी लागतात, आणि त्या ठाण्यांत आपली संतती वाढवावी लागते. या ठाण्यांना क्रेश म्हणतात. अलीकडच्या ग्रंथांनी गिथ्यांकी अंड्यांतून जन्मतात असे सांगितले आहे. ती अंडी क्रेशमध्ये उबवली जातात, आणि बाहेर आलेल्या पोराला आई किंवा बाप असा कोणी नसून शिक्षक आणि वरिष्ठ तेवढे असतात. चालता येऊ लागताच हत्यार, बोलता येऊ लागताच हुकूम, आणि वयात येताच मनोभक्षकाची शिकार, असा त्याचा शिक्षणक्रम. जो त्यात उतरतो तोच रुपेरी पोकळीतील अजर नागरिक होतो.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. गिथ्यांकी भुकेपोटी लूट करीत नाहीत. ज्या समाजात नांगर धरणारा कोणी नाही, कापड विणणारा कोणी नाही, आणि असण्याची गरजही नाही, त्या समाजाला दिवस घालवण्यासाठी स्वारीखेरीज दुसरा उद्योग उरत नाही. आणि युद्ध हेच ज्याच्या अस्तित्वाचे कारण, त्या राज्याला शांतता परवडत नाही. चैनीच्या वस्तू, कलाकृती, शस्त्रे, कैदी, सारे काही आणावयाचे, आणि ते ज्या राजधानीत नेऊन ओतावयाचे ती राजधानी तू’नराथ एका मृत देवाच्या पाषाणवत्‌ झालेल्या कलेवरावर उभी आहे. लाभहानीचा हिशेब करणारा व्यापारी किंवा सारा वसूल करणारा कमाविसदार या राज्यात शोधूनही सापडावयाचा नाही. सापडतात ते सरदार, शिलेदार, मंत्रयोद्धे आणि त्यांच्या कामगिरीची नोंद ठेवणारे अधिकारी. मनोभक्षकांनी त्यांच्यापासून स्वतंत्र विचार हिरावून घेतला होता. त्यांच्याच मुक्तिदात्यांनी उभारलेल्या या व्यवस्थेने तो पोरांना मुळात मिळूच दिला नाही.

रुपेरी तलवारीचा विचार थोडा जवळून करण्यासारखा आहे. पोकळीत सूक्ष्मदेहाने आलेल्या प्रवाशाची रुपेरी दोरी सामान्य शस्त्राने तुटत नाही. या तलवारीने ती तुटू शकते, आणि दोरी तुटली की दूर कोठे तरी निजलेला देहही निष्प्राण होतो. तलवार सर्वांना मिळत नाही, श्रेष्ठ योद्ध्यांनाच मिळते, आणि ती परक्याच्या हाती पडली तर ती परत मिळेपर्यंत जमात स्वस्थ बसत नाही. एका तलवारीसाठी पथकामागून पथक पाठवले जाते. खेळाच्या दृष्टीने ही मोठी चतुर योजना होती, कारण ज्या खेळाडूने पराक्रमाने ती तलवार जिंकली त्याच्या मागे पुढच्या कित्येक बैठकींचा ससेमिरा आपोआप लागे. परंतु मला त्याहून लक्षणीय वाटते ते हे, की या लोकांच्या दृष्टीने ही तलवार म्हणजे राज्याच्या सत्तेचे चिन्ह आहे, आणि पुत्रशोकाने न हलणारी जमात तिच्या शोकाने हलते.

ड्रॅगनांशी झालेल्या तहाची कथा अशी. स्वातंत्र्यानंतर दोस्त हवेत म्हणून गिथ आपल्या सल्लागार व्लाकिथ हिच्या सांगण्यावरून नरकलोकात उतरली, आणि तेथे पंचमुखी ड्रॅगनराणी तियामत हिच्याशी तिने करार केला: लाल ड्रॅगनांनी गिथ्यांकींना वाहन आणि साहाय्य व्हावे. तहाची बातमी घेऊन एक लाल ड्रॅगन परत आला. गिथ आली नाही. गादी व्लाकिथकडे गेली, आणि तेव्हापासून व्लाकिथ नावाच्याच राण्या राज्य करीत आल्या. सध्याची व्लाकिथ एकशेसत्तावन्नावी. तिने मंत्रबळाने मृत्यूनंतरही आपले शरीर चालते ठेवले आहे. अशा जीवन्मृत मांत्रिकाला खेळाच्या परिभाषेत लिच म्हणतात. तिने वारस होऊ दिला नाही, गादी सोडली नाही, आणि आपल्याच प्रजेपैकी जो योद्धा सामर्थ्याच्या विशिष्ट पायरीला पोचेल त्याला सन्मानाच्या मिषाने बोलावून त्याचा आत्मा गिळण्याचा प्रघात पाडला. आत्म्यावर उपजीविका करणारी राणी आणि मेंदूवर उपजीविका करणारा जुना धनी यांमध्ये मला तरी अंतर दिसत नाही. किंबहुना राणीचा अपराध मोठा, कारण मनोभक्षकाने आपण मुक्तिदाते आहोत असे कधीच म्हटले नव्हते.

दुसऱ्या शाखेची, गिथझेरायांची, हकीकत बरीच वर्षे उपेक्षित राहिली. त्यांनी लिम्बो नावाच्या केवळ गोंधळाच्या लोकात मठ उभारले. तेथे जमीन, पाणी, अग्नी यांना स्थिर रूप नाही, आणि मनाच्या एकाग्रतेने जेवढे सावरून धरावे तेवढेच पायाखाली टिकते. साहजिकच ही शाखा योगी आणि संन्यासी यांची झाली. त्यांना खऱ्या अर्थाने वाणी दिली ती 1999 साली ब्लॅक आयल स्टुडिओने काढलेल्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या संगणकीय खेळाने. क्रिस अ‍ॅव्हेलोन याच्या नेतृत्वाखाली लिहिल्या गेलेल्या या खेळात डॅककॉन नावाचा वृद्ध गिथझेराय भेटतो. त्याच्या हाती मनाच्या स्थितीप्रमाणे रूप बदलणारे पाते आहे. त्याच्यापाशी झर्थिमोनच्या उपदेशाची वर्तुळाकार पोथी आहे, आणि ती तो नायकाला एकेक पडदा उलगडून शिकवतो. शिकवणाऱ्याची श्रद्धा मात्र आतून खचलेली आहे. झर्थिमोनच्या हेतूविषयीच एकदा त्याला संशय आला, तो संशय पसरला, आणि त्याचे नगर ढासळले. त्या अवस्थेत नायकाने, पूर्वीच्या एका अवतारात, ती पोथी देऊन त्याला वाचवले, आणि मोबदल्यात त्याने नायकाच्या मृत्यूपर्यंत त्याची सेवा करण्याची शपथ घेतली. नायक अमर आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. दास्याविरुद्धच्या बंडातून जन्मलेल्या जातीचा एक साधुपुरुष स्वतःच्या शब्दाने कायमचा बांधला जातो, आणि बांधणाऱ्याला ते आधीपासून माहीत असते! या जमातीच्या साऱ्या वाङ्मयात मला हा प्रसंग सर्वश्रेष्ठ वाटतो. यात एकही स्वारी नाही, एकही ड्रॅगन नाही. केवळ दोन व्यक्ती एका पोथीवर बोलत बसतात, आणि गिथ व झर्थिमोन यांच्या फुटीचे सारे ओझे त्या संभाषणावर पडते.

त्यानंतरच्या काही प्रकरणांवर रेंगाळण्याचे कारण नाही. 2003 साली अमेरिकन नियतकालिकांनी गिथ्यांकींच्या एका प्रचंड स्वारीची मालिका छापली, आणि ‘डन्जन’ मासिकाच्या शंभराव्या अंकात क्रिस्टोफर पर्किन्स याने खुद्द तू’नराथवर चालून जाऊन व्लाकिथचा निकाल लावण्याची कथा रचली. ती साहसकथा म्हणून भरदार आहे; तथापि जेथे जेथे लेखकांनी या जमातीला अधिकाधिक क्रूर आणि अधिकाधिक बलाढ्य करण्याचा हव्यास धरला, तेथे तेथे तिच्यातले मनुष्यत्व पातळ झाले, असे माझे मत आहे. 2018 साली निघालेल्या ‘मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज’ या ग्रंथाने मात्र क्रेश, शिक्षण, राणीचे आत्मभक्षण यांची सलग मांडणी करून पुढच्या कामाला भक्कम पाया दिला.

ते पुढचे काम 2023 च्या ऑगस्टात बेल्जियममधील लारियन स्टुडिओज या संस्थेच्या ‘बाल्डर्स गेट 3’ या खेळाने केले, आणि स्ट्रॉसची जमात कोट्यवधी लोकांच्या परिचयाची झाली. खेळाच्या आरंभीच मनोभक्षकांचे आकाशयान पळते आहे आणि लाल ड्रॅगनांवरचे गिथ्यांकी त्याचा पाठलाग करीत आहेत. त्या यानातून वाचलेली लायझेल ही तरुण गिथ्यांकी योद्धी नायकाच्या सोबतीला येते. तिच्या मस्तकात मनोभक्षकाचा किडा शिरलेला आहे, आणि आपल्या क्रेशमध्ये पोचलो की शुद्धी होईल, हा तिचा अढळ विश्वास आहे. क्रेश सापडतो, तो डोंगरातल्या एका ओसाड मठाच्या पोटात. तेथे शुद्धीचे यंत्रही आहे. आणि ते यंत्र रोग्याला बरे करण्यासाठी बनवलेलेच नाही. तिच्या विश्वासाला तडे जाऊ लागतात ते येथून. त्याच ठाण्यात अंडी उबवण्याच्या दालनात एक अखेरचे अंडे उरले आहे, वेळेवर न फुटलेले आणि म्हणून नष्ट करण्याचा हुकूम झालेले, आणि त्याची राखण करणारा गिथ्यांकी हुकूम मोडावा की पाळावा या पेचात उभा आहे. बाहेर, डोंगरवाटेवर, एक बाई ते अंडे चोरून आणण्याचा सौदा मांडून बसली आहे. तिच्या मंडळाला पाहावयाचे आहे, की हे पोर तलवारीपासून दूर, मायेने वाढवले तर तेही लुटारूच निपजेल का. जमातीचा स्वभाव रक्तातला की ठाण्यातला, हा वाद एका अंड्यावर आणून ठेवणाऱ्या लेखकांना मी मनापासून दाद देतो.

या खेळाने इतिहासात एक मोठी भरही घातली: गिथला ऑर्फियस नावाचा पुत्र होता; तो व्लाकिथच्या राज्याविरुद्ध उभा राहिला; व्लाकिथने त्याला मारले नाही, कैदेत लपवले, आणि प्रजेला त्याच्याविषयीचे सत्य कळू दिले नाही. ही भर 1979 च्या नोंदीत नाही, आणि मूळ कर्त्याच्या मनात तिची कल्पनाही नसावी. तरीही मी तिला प्रक्षेप म्हणून बाजूला सारू इच्छित नाही. चांगली भर मूळ कथेतल्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि गिथ परत का आली नाही, गादी सल्लागाराकडे कशी गेली, हा प्रश्न त्या कथेत कित्येक वर्षे कुजबुजत होता.

चार्ल्स स्ट्रॉस पुढे विज्ञानकथाकार झाला, आणि त्याच्या लघुकादंबऱ्यांना एकाहून अधिक वेळा ह्यूगो पारितोषिक मिळाले. गिथ्यांकींचे हक्क मात्र खेळ छापणाऱ्या कंपनीपाशी राहिले. मूळ प्रकाशकसंस्था 1997 साली विझार्ड्‌स ऑफ द कोस्टने विकत घेतली, ती स्वतः 1999 साली हॅस्ब्रोच्या मालकीची झाली, आणि 2000 साली खेळाचे नियम इतर लेखकांना खुले करून दिले गेले तेव्हा जी मोजकी नावे कंपनीने स्वतःसाठी राखून ठेवली, त्यांत मनोभक्षक आणि गिथ्यांकी ही दोन्ही होती. ज्या वाचकाला हा इतिहास मुळातून पाहावासा वाटेल त्याने 1981 च्या कोशातील छोटी नोंद आधी वाचावी, मग डॅककॉनपाशी बसून झर्थिमोनची पोथी शेवटच्या पडद्यापर्यंत उलगडावी, आणि त्यानंतरच लायझेलबरोबर त्या डोंगरातल्या ठाण्यात उतरावे. हा क्रम उलटा केल्यास गिथ्यांकी नुसते लुटारू वाटतील, आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल.